सौदा ठरल्यावर भाव पाडणे : घरांच्या खरेदी-विक्रीतील एक वाईट चाल

आमच्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. हर्रासात कापसाचा भाव ठरतो, गाडी काट्यावर जाते आणि तिथे घेणाऱ्याला अचानक कापूस ओला दिसू लागतो. गाडीचे भाडे लागलेले असते, दिवस मावळत आलेला असतो. शेतकरी माल परत नेऊ शकत नाही, हे घेणाऱ्याला चांगले माहीत असते. मग क्विंटलमागे काही रुपये कापले जातात आणि शेतकरी मुकाट्याने घरी जातो.

हीच चाल आता घरांच्या आणि प्लॉटच्या व्यवहारात सर्रास दिसते. आमच्या तेल्हाऱ्यात, अकोटला, अकोल्यात कुठेही विचारा. भाव ठरतो, इसारचिठ्ठी होते, तोंड गोड होते. दोन-तीन महिने जातात. खरेदीखताची तारीख आली की घेणारा म्हणतो, "बाजार पडला आहे, दोन लाख कमी करा, नाहीतर माझा बयाना परत द्या." या चालीबद्दल कायदा काय म्हणतो, शरीयत काय म्हणते आणि आपण कोणती काळजी घ्यावी, याचा थोडा विचार येथे करू.

नेमक्या वेळेचा फायदा

भाव कमी करून मागणे हा गुन्हा नाही. घासाघीस सगळेच करतात, आम्ही कापडवाले तर सकाळ-संध्याकाळ करतो. पण घासाघिशीची जागा सौदा ठरण्याआधी असते. ठरल्यानंतर भाव पाडणारा मालाची किंमत करत नाही, समोरच्याच्या अडचणीची किंमत करतो.

विकणारा इसार घेतो तेव्हा तो इतर गिऱ्हाइकांना नाही म्हणतो. आलेल्या पैशावर तो दुसरीकडे जबान देतो. कोणी मुलीच्या लग्नाची तारीख धरतो, कोणी नागपूरला ऑपरेशन ठरवतो, कोणी दुसऱ्या घराचा इसार देऊन बसतो. दिवस जातील तसे त्याचे हात बांधले जातात आणि घेणाऱ्याचे मोकळे होतात.

आपल्या समाजात याला आणखी एक कारण आहे. जुनी घरे बहुधा मीरासची असतात. मरहूम वडिलांच्या नावावरचे घर विकायचे तर भाऊ, बहिणी, आई अशा सर्व वारसांच्या सह्या लागतात. एक बहीण अचलपूरहून येते, दुसरी बुऱ्हाणपूरहून. सगळ्यांना एका दिवशी निबंधक कार्यालयात गोळा करणे म्हणजे लग्न जमवण्यासारखे काम. त्या दिवशी बाकावर बसलेल्या सात माणसांकडे बघून घेणारा भाव पाडतो. परत सगळे कधी जमणार, या धास्तीने सह्या होतात. यात सर्वांत जास्त नुकसान बहिणींचे होते. त्यांचा हिस्सा आधीच लहान, त्यातून ही कपात.

आमचीही एक चूक

दुसऱ्यांवर बोट दाखवण्याआधी आपले सांगितले पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही गोदामासाठी एक जुनी खोली घेतली. भाव ठरला, बयाना दिला. विकणाऱ्याच्या घरी लग्न होते आणि ते आम्हाला ठाऊक होते. खरेदीच्या दिवशी भिंतीची ओल दाखवून आम्ही पंधरा हजार कमी करायला लावले. त्यांनी काही न बोलता सही केली. रात्री वालिद साहेबांनी आम्हाला एवढेच विचारले, "ओल आजच दिसली काय?" ओल आम्ही पहिल्याच दिवशी पाहिली होती. पुढे काही वर्षांनी आम्ही ते पंधरा हजार घेऊन गेलो, तेव्हा ते गृहस्थ हयात नव्हते. रक्कम त्यांच्या मुलांनी घेतली. माफी मात्र ज्यांची मागायची होती ते राहिले नव्हते.

विलायतेतही तेच

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये याला 'गझंडरिंग' असे नावच पडले आहे. तिथे घराचा भाव कबूल झाला तरी दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही कायद्याने बांधलेला नसतो. यात अनेक आठवडे, कधी महिने जातात. विकणाऱ्याने स्वतः दुसरे घर ठरवलेले असते, त्या घराच्या मालकाने तिसरे. अशी साखळी तयार झाली की शेवटच्या घटकेला भाव पाडणे सोपे जाते. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये वकिलांच्या लेखी पत्रांनीच सौदा लवकर पक्का होतो, म्हणून तिथे या चालीला वाव कमी राहतो. म्हणजे लोक सारखेच आहेत. कागद लवकर पक्का झाला तर ईमान सांभाळणे सोपे जाते, इतकेच.

कायदा काय म्हणतो

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या करारामुळे घेणारा मालक होत नाही. तो मालक होतो नोंदणीकृत खरेदीखताने. पण म्हणून इसारचिठ्ठी हा कोरा कागद ठरत नाही. तो दोघांना बांधणारा करार आहे आणि त्यातील भाव एकट्याच्या मर्जीने बदलत नाही. घेणारा अडून बसला तर विकणाराही करार पुरा करून मागण्यासाठी दावा करू शकतो. ठरलेल्या तारखेपासून त्याची मुदत तीन वर्षे आहे.

इसार जप्त करता येतो का? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या दिल्लीच्या घराच्या मामल्यात याचा खुलासा केला. सौदा १,१२,५०० रुपयांचा होता. इसार १,००० आणि पुढे दिलेले २४,००० होते. न्यायालयाने विकणाऱ्याला इसाराचे १,००० ठेवू दिले, पण २४,००० दंड म्हणून गिळू दिले नाहीत. म्हणजे इसार वेगळा आणि किमतीपोटी आगाऊ दिलेली रक्कम वेगळी. २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या मामल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. प्राधिकरणाने ७८ लाख जप्त करून तोच प्लॉट पुढे कितीतरी जास्त भावाने विकला होता. नुकसानच झाले नाही तर जप्ती कसली, असे म्हणून रक्कम परत करायला लावली.

तिसरा निकाल विकणाऱ्याने नीट लक्षात ठेवावा. २०२० सालच्या दहिबेन मामल्यात सुरतची जमीन होती. खरेदीखतात किंमत एक कोटी चौऱ्याहत्तर लाखांच्या वर होती आणि विकणाऱ्यांचे म्हणणे होते की हातात फक्त चाळीस हजार आले. दावा उशिरा आणला होता. शिवाय न्यायालयाने स्पष्ट केले की बाकी पैसे मिळाले नाहीत एवढ्या कारणाने नोंदलेले खरेदीखत रद्द होत नाही, बाकीसाठी दुसरा मार्ग धरावा. थोडक्यात, आधी पैसा, मग सही.

मुद्रांक वाचवण्यासाठी इसारचिठ्ठीत कमी किंमत लिहिणारे तर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. वीस लाखांचा सौदा कागदावर बारा लाखांचा केला आणि घेणारा फिरला, तर वरच्या आठ लाखांना साक्षीदार कोण? लेखी कराराच्या विरुद्ध तोंडी पुरावा न्यायालय सहसा ऐकत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा असे रोखीवर टांगलेले सौदे अडले आणि विकणाऱ्याला तक्रार करायलाही तोंड राहिले नाही.

शरीयतची बाजू

सूरह माइदाची पहिलीच आयत ईमानवाल्यांना आपले करार पुरे करण्याचा हुकूम देते. ईजाब आणि कबूल झाल्यावर किंमत कमी करणे विकणाऱ्याच्या खुशीवर आहे. त्याने मनापासून सूट दिली तर ती जायज आहे. पण गळ्याला फास लावून घेतलेल्या सहीला रजामंदी म्हणता येईल का? अबू दाऊदमध्ये मजबूर माणसाच्या विक्रीपासून रोखणारी एक रिवायत आहे. तिची सनद कमजोर मानली जाते. तरी मन कुठे खटकले पाहिजे, ते तिच्यावरून कळते.

खरा दोष निघाला तर गोष्ट वेगळी. हनफी फिकहमध्ये घेणाऱ्याला 'खियारे ऐब' आहे. लपलेला दोष सापडला तर त्याने सौदा परत करावा किंवा ठरलेल्या पूर्ण किमतीत ठेवावा. एकट्याच्या मर्जीने भाव कापून माल ठेवून घेण्याचा हक्क साधारणपणे त्याला नाही. जो दोष आधी पाहून पसंत केला, त्यावर तर खियारच राहत नाही.

बयाना जप्त करण्याबाबत मात्र आपण विकणाऱ्यांनीही थांबून विचार करावा. हनफी, मालिकी आणि शाफई उलमा बयाना जप्त करणे नाजायज मानतात. इमाम अहमद बिन हंबल यांनी परवानगी दिली. त्यांचा आधार मक्केतील एका घराच्या सौद्याचा आहे. नाफे बिन अब्दुल हारिस यांनी सफवान बिन उमय्या यांचे घर कैदखान्यासाठी घेतले. हजरत उमर (रजि.) यांना सौदा पसंत पडला नाही तर सफवान यांना चारशे मिळतील, अशी शर्त होती. बुखारी शरीफमध्ये याचा उल्लेख आहे. १९९३ साली ब्रुनेईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत, मुदत ठरलेली असेल तर असा बयाना जायज मानला गेला. आपल्याकडचे बहुतेक लोक हनफी आहेत. त्यांनी जप्तीआधी आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे.

आणि उलट चालही तितकीच वाईट आहे. एकाला जबान देऊन, जास्त देणारा आला म्हणून पहिल्याला टांगणे. भावाच्या सौद्यावर सौदा करू नये, ही हदीस घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांनाही लागू आहे.

काय करावे

१) इसाराआधीच सगळे तपासा. नगर परिषदेचा कर, वीजबिल, बँकेचा बोजा, मोजणी, निबंधकाकडील शोध. विकणाऱ्याने ओल, तडे, वाद स्वतःहून सांगावेत. पुढे निमित्त उरत नाही.

२) चिठ्ठीत खरी किंमत, चतुःसीमा, क्षेत्रफळ, खरेदीची पक्की तारीख आणि हप्ते लिहा. सर्व वारसांच्या सह्या त्याच दिवशी घ्या.

३) भाव कोणत्या कारणाने बदलेल तेही लिहा. मोजणीत जागा कमी भरली तर किती कापायचे, तेवढेच. 'बाजार पडला' हे कारण नाही. बाजार चढला असता तर घेणाऱ्याने जास्त दिले असते काय?

४) पैसे बँकेतून घ्या. स्थावर मालमत्तेपोटी वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई केली आहे.

५) मुदत फार लांबवू नका. जितके दिवस जास्त, तितकी फिरण्याची संधी जास्त. आणि पूर्ण रक्कम हातात येण्याआधी तिच्या भरवशावर दुसरीकडे जबान देऊ नका. आपली नड दलालालाही सांगू नका.

६) ऐन वेळी भाव पाडला तर त्याच तासाला हो म्हणू नका. एक दिवस मागा. दलाल आणि दोन जाणती माणसे बसवा. घेणाऱ्याची अडचण खरी असेल, कर्ज नामंजूर झाले असेल, तर इकाला करा, म्हणजे दोघांच्या खुशीने सौदा मोडा. पस्तावलेल्याचा सौदा मागे घेणाऱ्याला हदीसमध्ये मोठी बशारत आहे.

आमच्या धंद्यात माल सुरतेहून, मालेगावहून आजही फोनवरच्या शब्दावर येतो. शब्द एकदा खोटा पडला की पुढच्या सीझनला माल येत नाही. घर माणूस आयुष्यात एकदा-दोनदा घेतो. तेव्हा घेणाऱ्याला वाटते की या माणसाशी आपला पुन्हा कुठे संबंध येणार. पण ज्या घरात मुलेबाळे घेऊन राहायचे, ज्यात नमाज पढायची, त्याच्या किमतीत कोणाच्या बहिणीचा कापलेला हिस्सा असावा काय, हे घेणाऱ्याने सहीआधी स्वतःला विचारावे. आम्ही तेव्हा विचारले नव्हते. अल्लाह आपणा सर्वांना साफ व्यवहाराची तौफीक देवो. आमीन.