अंकांच्या नावांतील मात्रा

इंग्रजी अंकांचा एक खेळ पुष्कळांस ठाऊक असेल. कोणत्याही संख्येच्या इंग्रजी नावाची अक्षरे मोजावीत. जी संख्या येईल तिच्या नावाची पुन्हा मोजावीत. ‘ट्वेल्व्ह’ची अक्षरे सहा, ‘सिक्स’ची तीन, ‘थ्री’ची पाच, ‘फाइव्ह’ची चार, आणि ‘फोर’ची चारच. आरंभ कोठूनही करा, मुक्काम चारपाशी.

घडियाळी पोळात मराठी व गुजराती शेजारी नांदतात. तेव्हा हा खेळ त्या दोन भाषांतही खेळून पाहावा. फक्त अक्षरांऐवजी वृत्तातल्याप्रमाणे मात्रा मोजाव्यात: लघूची एक, गुरूच्या दोन, अनुस्वार असलेले किंवा जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू.

मराठीत मौज अशी की, एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ या प्रत्येकाच्या मात्रा तीन. सहा, नऊ, दहा यांत लघू आधी आणि गुरू मागून, तरी बेरीज तीनच. अकरापासून चाल बदलते: अकराच्या चार, पंधराच्या पाच, एकोणीसच्या सात. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांच्या तर दहा, म्हणजे झपतालाचे अख्खे आवर्तन! शंभरापर्यंत याहून लांब नाव नाही. म्हणून त्यांतली कोणतीही संख्या फार तर दोन पावलांत तीनपाशी येते.

गुजरातीत ‘छ’ची मात्रा एक, ‘एक’च्या तीन, ‘त्रण’च्या दोन आणि ‘बे’च्याही दोनच. तेथे मुक्काम दोनपाशी. अशा रीतीने एकाच पोळातल्या तीन भाषा दोन, तीन आणि चार अशा ओळीने उभ्या राहतात!

महाराष्ट्रात 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा वाद झाला. जोडाक्षरे मुलांस जड जातात, हे त्यामागचे कारण खोटे नव्हे. दोन्हींच्या मात्राही सहाच. परंतु ‘एकोणचाळीस’चे ‘तीस नऊ’ केले की दहाच्या सहा होतात. ‘चाळिसाला एक कमी’ हा अर्थही जातो.

बडोद्यात प्रश्न याहून पुढचा आहे. माझ्याकडे गाणे शिकणारी मराठी घरांतली मुले टाळी देताना ‘वन, टू, थ्री’ मोजतात. ताल त्याने चुकत नाही. मात्र जी नावे तोंडी नसतात ती दोन पिढ्यांत कानांसही परकी होतात. एक ते दहा ही समान तोलाची नावे हातावरील टाळीबरोबर रोज घरी म्हणवून घ्यावीत. त्यास पुस्तक लागत नाही, की वेगळा वेळही.