रक्त, प्रकाश आणि ‘क्वांटम’

अमरावती-अकोल्याकडच्या आरोग्य शिबिरांतून हल्ली एक यंत्र फिरते. धातूची कांडी मुठीत धरायची, मिनिटभर थांबायचे, की हिमोग्लोबिनपासून हाडांच्या घनतेपर्यंत तीस-चाळीस निष्कर्षांचा रंगीत अहवाल हाती पडतो. रक्ताचा थेंबही निघत नाही. यंत्राच्या नावात ‘क्वांटम’ हा शब्द बहुधा असतोच. असे अहवाल घेऊन येणारी कुटुंबे मला विचारतात, “डॉक्टरसाहेब, क्वांटम विज्ञान तर खरे आहे ना?” विज्ञान खरे आहे. त्याच्या साह्याने हिमोग्लोबिनचे मोजमापही प्रयोगशाळेत झाले आहे. ते कसे झाले, हे आपण पाहू.

करोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर आठवा. त्यातून दोन प्रकारचा प्रकाश निघतो. एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा, तर दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, प्राणवायू सोडलेले अधिक. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी बोटातून पलीकडे पोहोचणारा दोन्ही प्रकाश किती बदलतो, यावरून पडद्यावरची टक्केवारी निघते. पदार्थावर प्रकाश सोडायचा आणि त्यातला किती गिळला गेला ते पाहायचे, या पद्धतीला शोषण वर्णपटमापन म्हणतात.

मेळघाटातील सिकलसेलच्या निदानातही हीच पद्धत आहे. सिकलसेलचे हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनहून बीटा साखळीतील एका अमिनो आम्लापुरते वेगळे असते. रंगाने दोन्ही सारखीच, म्हणून एचपीएलसी यंत्रात ती आधी एका नळीतून पाठवून वेगळी केली जातात. मग प्रत्येक भाग ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशासमोरून जातो आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून त्याचे प्रमाण ठरते. आपल्या हातातील कागदावरचे उंचवटे म्हणजे गिळलेल्या प्रकाशाचा आलेख होय.

आता अडचण पाहा. प्रकाश हा कणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. मृगाच्या पावसात अंगणात दोन सारख्या वाट्या शेजारी ठेवा. पाऊस एकच, वेळ एकच, तरी दोन्हींत पडलेल्या थेंबांची संख्या सारखी भरणार नाही. सरासरी दहा हजार थेंब अपेक्षित असतील तर शंभरेक कमी-अधिक होतील, म्हणजे एक टक्का. सरासरी शंभरच असतील तर दहाचा फरक पडेल, म्हणजे दहा टक्के. दिव्याचे वा लेसरचे फोटॉनही असेच बेहिशेबी येतात. दहा कमी पोहोचले, तर ते रक्ताने गिळले की मुळात निघालेच नव्हते, हे कळावे कसे? प्रकाश वाढवला की ही अनिश्चितता प्रमाणाने घटते, आणि रोजच्या तपासण्यांत तेच केले जाते. पण डोळ्याचा पडदा, जिवंत पेशी किंवा प्रकाशाने बिघडणारे औषध यांच्यावर हवा तेवढा झोत टाकता येत नाही.

येथे जुळे फोटॉन कामी येतात. बेरियम बोरेटसारख्या विशिष्ट स्फटिकातून ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सोडला, तर क्वचित एखाद्या फोटॉनच्या जागी ८१० नॅनोमीटरचे दोन फोटॉन एकाच क्षणी जन्मतात. अशा जोडीचे नाते इतके घट्ट असू शकते की दोघांचे वर्णन सुटेसुटे करताच येत नाही. त्यांना गुंतलेले फोटॉन म्हणतात. मोजणीसाठी मात्र त्यांचा एक साधा गुण पुरेसा आहे: एक दिसला, की दुसरा निघालेला आहेच.

आपल्याकडच्या लग्नाचे उदाहरण घ्या. आमंत्रण फक्त जोडप्यांना, पुरुषांची पंगत मांडवात, बायकांची घरात. किती जोडपी येतील हे यजमानाला आधी ठाऊक नसते. पण घरातली पाने मोजली की मांडवात किती पाहुणे हवेत ते नेमके समजते. जेवढे कमी, तेवढे वाटेत गळाले. जोडीतला एक फोटॉन रक्ताच्या नमुन्यातून पाठवायचा, दुसरा थेट मोजायचा, म्हणजे किती निघाले हा प्रश्न बराचसा मिटतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी असा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. नमुना होता चक्क हिमोग्लोबिनचा! वर्णपटाने एकमेकांशी मिळतेजुळते दोन प्रकार त्यांनी वापरले आणि आदर्श लेसरपेक्षा कमी फोटॉन खर्चून तेवढीच अचूकता मिळवता येते हे दाखवले. त्याआधी २०१६ मध्ये सिंगापूरच्या गटाने आणखी गमतीची युक्ती केली. जोडीतला अवरक्त फोटॉन कार्बन डायऑक्साइडमधून पाठवला आणि त्याच्या दृश्य जोडीदाराकडे पाहून वायूचे शोषण ओळखले. (भूल दिलेल्या रुग्णाच्या उच्छ्वासातील हा वायू अवरक्त प्रकाशानेच मोजतात, म्हणून मला ती विशेष रंजक वाटली.)

पण हे तंत्र नाजूक आहे. वाटेत किंवा संवेदकात फोटॉन हरवू लागले की जोडीचा लाभ आटतो. शिवाय ते फक्त मोजणीतली चंचलता कमी करते, बाकीच्या चुका तशाच राहतात. गार पडलेले बोट आणि नखावरचे गडद रंग ऑक्सिमीटरला फसवतात. अमेरिकेत २०२० च्या एका अभ्यासात ऑक्सिमीटरने न पकडलेली प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट आढळली; आपल्या सावळ्या बोटांसाठीही ही बाब विचार करण्याजोगी आहे. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली, तर साधा ऑक्सिमीटर ९८ दाखवत राहतो आणि माणूस गुदमरत असतो. तेथे जुळे फोटॉन वापरूनही आकडा चुकीचाच येईल.

राष्ट्रीय क्वांटम अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि त्यातील संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. म्हणजे खरे काम आपल्याच राज्यात चालू आहे. मुठीतल्या कांडीतून मात्र रक्तापर्यंत प्रकाश जात नाही, काही शोषले जात नाही, काही मोजलेही जात नाही. त्या अहवालावरून लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, आणि त्याहून महत्त्वाचे, चालू असलेल्या बंद करू नयेत.

सिकलसेलच्या बाबतीत तर असा अहवाल घातकच ठरेल. हा आजार केवळ आदिवासींचा नाही. विदर्भातील इतर अनेक समाजांतही तो आहे. त्याची प्राथमिक विद्राव्यता चाचणी रक्ताच्या थेंबाने होते, पण ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतील बाळात फसू शकते. ती सकारात्मक आली, तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. घरात लग्न ठरत असेल, तर मुलामुलीचा हा कागद, त्यावरच्या हिमोग्लोबिन ए आणि एस यांच्या टक्केवारीसह, आपल्या डॉक्टरांना आधीच दाखवावा.