कृत्रिम श्वास आणि रोग्याचें मुखमार्जन

प्रातःकाळीं दंतधावन केल्यावांचून चहाचा घोट घेणेंहि आपल्या घरांतून अशिष्ट मानितात. परंतु घरांतील माणूस बेशुद्ध होऊन रुग्णालयांत पडलें कीं, त्याच्या तोंडाचा मात्र सर्वांस विसर पडतो. आमच्या नातेपुत्याच्या बाजूचा रोगी अत्यवस्थ झाला म्हणजे त्यास अकलूज, पंढरपूर किंवा सोलापूर येथें नेतात. तेथें प्रसंगीं तोंडावाटे श्वासनलिकेंत नळी घालून व्हेंटिलेटर यंत्रानें श्वास देतात. आप्तमंडळी यंत्रावरील आंकड्यांची चौकशी करितात. तोंडाची चौकशी कोणी करीत नाहीं.

नळीमुळें तोंड अहोरात्र उघडें राहून कोरडें पडतें. गिळणें व खोकणें जवळजवळ थांबतें. दांतांवर चिकट थर सांचून त्यांत रुग्णालयांतील चिवट जंतु वस्ती करितात. श्वासनलिकेंत नळीभोंवतीं हवेचा लहानसा फुगा असतो. दूषित लाळ त्याच्यावर सांचते आणि कडेनें झिरपून फुप्फुसांत उतरते. नळी घातल्यावर ४८ तासांनंतर होणारा न्युमोनिया बहुधा याच वाटेनें येतो. मूळ रोग हटत असतांहि रोगी या दुसऱ्याच रोगानें दगावूं शकतो.

म्हणून मुखमार्जन हा शृंगार नव्हे, तो उपचार आहे. डॉक्टरांची मनाई नसल्यास परिचारिका रोग्याचें डोकें ३० ते ४५ अंश उंच ठेविते, फुग्यांतील दाब पाहते, सांचलेली लाळ यंत्रानें ओढून घेते. मग लहान, मऊ ब्रशानें दांत, हिरड्या व जीभ हलक्या हातानें साफ करिते, आणि ओलावा लागलीच शोषून घेते. नळी हलूं नये म्हणून शक्य तर दुसरें माणूस ती धरून राहतें. शेवटीं ओठांस मलम लाविते.

पूर्वीं क्लोरहेक्सिडीन हें जंतुनाशक औषध तोंडास लावण्याचा प्रघात होता. २०२२ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञ संस्थांनीं त्याचा नित्य उपयोग करूं नये, ब्रश मात्र रोज करावा, असें सांगितलें. १५ प्रयोगांचें एक परीक्षण २०२३ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालें. त्यांत ब्रश केलेल्या रोग्यांस रुग्णालयांत होणारा न्युमोनिया सुमारें एकतृतीयांशानें कमी आढळला. दिवसांतून दोन वेळां ब्रश केला तरी पुरे, असेंहि दिसलें.

एखादे वृद्ध गृहस्थ विचारतील, “ज्वर, श्वास व कास असतां दंतकाष्ठ वर्ज्य करावें, असें वाग्भटानें अष्टांगहृदयांत सांगितलें आहे, त्याची वाट काय?” आमच्या मतें तो निषेध रोग्यानें स्वतः काडी चावण्याचा आहे. तोंडांत मळ राहूं द्यावा, असा त्याचा अर्थ नव्हे.

आप्तांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कवळी किंवा हलणारे दांत असल्यास तें आरंभींच परिचारिकेस सांगावें. दुसरें असें कीं, श्रद्धेनें तीर्थाचा किंवा गंगाजलाचा चमचाहि तोंडांत घालूं नये. रोगी तो घोट गिळूं शकत नाहीं. तो फुग्यावरच सांचतो. तीर्थ कपाळास लावावें. ब्रशहि आपण हातीं घेऊं नये. “आज तोंड किती वेळां स्वच्छ झालें?” एवढें मात्र परिचारिकेस सौजन्यानें अवश्य विचारावें, आणि तिच्या या कामास हलकें समजूं नये.