मॉडेम ‘ब्रिज’ला टाकताना

सिल्वासा दूरसंचाराच्या हिशेबात गुजरात सर्कलमध्ये येतं. आमली, पिपरिया, मसाटमधल्या कचेऱ्यांत ०२६० कोडाचा लँडलाइन आणि त्यावरचं बीएसएनएलचं ब्रॉडबँड ही जुनी जोडी. आता फायबर आलं, तरी ‘मॉडेम ब्रिजला टाक, सगळं ठीक होईल’ हा सल्ला काही जुना होत नाही. ब्रिज करणं म्हणजे मॉडेमकडचं डायलिंग आणि पत्ते वाटणं काढून घेणं. त्याने काम कमी होत नाही, ते दुसऱ्या उपकरणाच्या अंगावर जातं. हे ध्यानात आलं की पुढचे गैरसमज गळून पडतात.

गैरसमज: ब्रिज केलं की वेग वाढतो.
वस्तुस्थिती: डीएसएलमध्ये वेग ठरतो एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंतच्या तांब्याच्या जोडीवर. एडीएसएल२+ ची कागदावरची कमाल २४ एमबीपीएस. अंतर वाढलं, सांधा गंजला किंवा पावसाळ्यात डीपी बॉक्समध्ये पाणी शिरलं की ती झपाट्याने घसरते. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मॉडेमच्या सेटिंग्जच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’ बघा. ते ६ डेसिबलच्या खाली जात असेल तर लाइनमनला बोलवा, सेटिंग्जशी खेळू नका.

गैरसमज: ब्रिजमध्ये मॉडेम म्हणजे नुसती तार.
वस्तुस्थिती: लाइनशी सिंक करणं आणि ५३ बाइटच्या एटीएम सेल्समधून इथरनेटच्या फ्रेम जुळवणं त्याच्याकडेच राहतं. त्यामुळे बीएसएनएलचे व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे आकडे ब्रिजमध्येही तसेच भरावे लागतात. मॉडेममधून बाहेर जातं ते पीपीपीओईचं डायलिंग. युजरनेम आणि पासवर्ड आता तुमच्या राउटरमध्ये किंवा संगणकात टाकायचा.

गैरसमज: मॉडेमला स्विच जोडला की सगळे संगणक ऑनलाइन.
वस्तुस्थिती: एका खात्यावर साधारणतः एकच सेशन आणि एकच पत्ता मिळतो. तो वाटून द्यायला राउटर हवाच. संगणकानेच थेट डायल केलं तर मॉडेमच्या एनएटीचा, म्हणजे एका पत्त्यामागे सगळे संगणक झाकण्याचा, आडोसाही जातो. तेव्हा आधी फायरवॉल, मग केबल.

गैरसमज: व्हर्च्युअल मशीनला ‘ब्रिज्ड’ नेटवर्क दिलं की इंटरनेट आपोआप मिळतं.
वस्तुस्थिती: इथला सगळा घोळ नावाचा. मॉडेमचा ब्रिज डीएसएल आणि इथरनेट जोडतो. संगणकातला ब्रिज त्याच संगणकाची कार्डं एकत्र बांधतो. व्हर्च्युअल मशीन पत्त्यासाठी डीएचसीपीकडे हात पसरतं. डायलिंग संगणकच करत असेल तर मॉडेमच्या बाजूला पत्ता देणारं कुणी नसतं. पीपीपीची जोडणी ब्रिजमध्ये घालताही येत नाही, कारण तिला मॅक पत्ताच नसतो. मध्ये राउटर ठेवा, संगणक त्याला केबलने जोडा. वायफायवर असा ब्रिज बहुतेकदा अडतो. लिनक्सवर आणखी एक पथ्य: आयपी पत्ता ब्रिजला द्यायचा, त्यात घातलेल्या कार्डाला नाही.

गैरसमज: काही साइट उघडतात, काही अडकतात, म्हणजे कंपनीची लाइन खराब.
वस्तुस्थिती: संशय आधी एमटीयूवर, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकारावर, घ्या. पीपीपीओई प्रत्येक फ्रेममधले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. विंडोजमध्ये पाकीट न तोडण्याचा पर्याय देऊन १४६४ बाइटचं पिंग पाठवा. ते गेलं आणि १४६५ चं अडलं, तर हिशेब बरोबर जुळला: २८ बाइट हेडरचे, बाकी तुमचे. राउटरमध्ये एमटीयू १४९२ ठेवा.

गैरसमज: ब्रिज केल्यावर मॉडेमचं पान कायमचं बंद.
वस्तुस्थिती: ते जागेवरच असतं. संगणक केबलने थेट मॉडेमला जोडा. मॉडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर संगणकाला हाताने १९२.१६८.१.५ द्या, पान उघडेल. बदलापूर्वी सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा.

मग ब्रिज कुणी करावा? चांगला राउटर ज्याच्याकडे आहे, बाहेरून ऑफिसच्या सर्व्हरवर यायचं आहे किंवा दोन राउटरच्या दुहेरी एनएटीने ज्याला छळलंय, त्याने. चार फोन आणि एक टीव्ही एवढाच कारभार असेल, तर मॉडेम आहे तसा राहू द्या.