अवटु ग्रंथीचे स्राव आणि प्रलाप : चिकित्सकांनी घ्यावयाची दक्षता

वृद्ध रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्रीचे भान हरपले की 'वयोमानाने असे होते' अशी घरच्यांची समजूत होते. चिकित्सकही कधीकधी उन्मादाचे निदान करून मेध्य औषधांची योजना करतात. अशा रुग्णांपैकी काहींत विकृतीचे मूळ कंठातील अवटु म्हणजेच थायरॉईड ग्रंथीत असते. असे रुग्ण संख्येने थोडे असले तरी निदानातील विलंब त्यांच्या जिवावर बेततो. म्हणून या विषयाकडे आम्ही वैद्यबंधूंचे व औषधालयचालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रलाप आणि उन्माद

आधुनिक वैद्यक ज्यास डेलिरियम म्हणते तो प्रलाप काही तासांत वा दिवसांत उद्भवतो. अवधान ढळणे हे त्याचे प्रमुख लक्षण असून त्याची तीव्रता दिवसभरात कमी-अधिक होते व बहुधा रात्री वाढते. आपल्या संहितांनीही पित्तज्वर व सन्निपातज्वर यांच्या लक्षणांत प्रलाप सांगितला आहे; म्हणजे शरीरगत व्याधीचा तो परिणाम होय. मात्र प्रत्येक रुग्ण बडबडतोच असे नाही. कित्येक नुसते निपचित पडून असतात व ते सहज नजरेतून सुटतात.

स्राव वाढल्यास

टी-३ व टी-४ हे स्राव शरीरातील चयापचयाची गती ठरवितात. ते अतिरिक्त झाले असता जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया अथवा चालू औषध अचानक बंद करणे अशा निमित्ताने 'थायरॉईड स्टॉर्म' ही आत्ययिक अवस्था उद्भवू शकते. तीव्र ज्वर, अतिवेगवान नाडी, अतिसार व प्रलाप ही तिची लक्षणे. बर्च व वार्टोफ्स्की यांनी १९९३ साली मांडलेल्या गुणांकनात केवळ प्रलापास २० गुण आहेत आणि एकूण ४५ वा अधिक गुण स्टॉर्मचे सूचक मानले जातात. वृद्धांत मात्र स्राव वाढूनही कंप, अस्वस्थता न दिसता केवळ औदासीन्य व कृशता आढळू शकते.

स्राव घटल्यास

रिचर्ड ॲशर यांनी १९४९ साली मानसिक विकृती असलेल्या १४ मिक्सिडिमा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा संबंध विशेष प्रकाशात आला. मंद नाडी, शीत अंग, रूक्ष त्वचा, घोगरा स्वर व सुजलेला चेहरा यांसह गुंगी वा भ्रम असल्यास संशय घ्यावा. रक्तातील सोडियम घटणे व श्वसन मंदावून कार्बन डायऑक्साइड साठणे यांमुळे मेंदूचे कार्य आणखी बिघडते. अशा रुग्णास निद्राकारक औषध देणे घातक ठरू शकते.

व्यवहारातील दक्षता

प्रत्येक प्रलापी रुग्णाच्या नातलगांस तीन प्रश्न विचारावेत : थायरॉईडची गोळी चालू होती काय? ती कधी बंद केली? नवे औषध कोणते सुरू झाले? रक्तातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्याचा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो आणि घरच्यांना त्या दोहोंचा संबंध उमगत नाही. 'आमचे औषध चालू आहे, ती गोळी सोडा' असा सल्ला म्हणूनच कोणीही देऊ नये.

लोह व मंडूर कल्प, तसेच शंखभस्म, प्रवाळ यांसारखे चुनखडीयुक्त कल्प देताना थायरॉक्सिनपासून किमान ४ तासांचे अंतर ठेवण्यास सांगावे. लोह व कॅल्शियम त्या गोळीचे शोषण घटवितात. अश्वगंधेच्या सेवनानंतर स्राव अतिरिक्त वाढल्याचे रुग्णवृत्तांत प्रसिद्ध झाले आहेत. स्राव आधीच वाढलेल्या रुग्णास ती देऊ नये. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे तपासणीचे आकडे फसवे येऊ शकतात, हेही ग्राहकास सांगणे औषधालयाचे कर्तव्य होय.

एक मर्यादा ध्यानी असावी. कोणत्याही गंभीर आजारात टी-३ घटते व टीएसएच बदलू शकते. त्यामुळे एका अहवालावरून थायरॉईडलाच दोष देणे उचित नव्हे. प्रलापाची अधिक सामान्य कारणे म्हणजे जंतुसंसर्ग, मूत्रावरोध, औषधांचे दुष्परिणाम व रक्तशर्करेतील बदल. त्यांचाही शोध घ्यावा.

ज्वरासह वेगवान नाडी किंवा शीत अंगासह मंद नाडी, आणि जोडीस प्रलाप असे चित्र दिसताच रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे व चालू औषधांची यादी सोबत द्यावी. वेळीच केलेली पाठवणी हाही चिकित्सेचाच भाग आहे, असे आमचे मत आहे.