द्रुतगती स्मृतिमंडलांतील शक्तिव्यय

संगणकातील माहिती साठविणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलास स्मृतिमंडल म्हणतात. त्याचा वेग वाढविला की त्यात खर्ची पडणारी विद्युत् शक्ती व निर्माण होणारी उष्णताही वाढते. वेग व अचूकता न गमावता हा व्यय घटविणे हा मंडल अभिकल्पातील अवघड प्रश्न होय.

मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या फेराइट गाभ्यांच्या स्मृतीत ४० अंकी २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० द्विमान अंक मावत. अंक टिकविण्यास गाभ्याला वीज लागत नसे. मात्र वाचताना नोंद पुसली जाई व ती पुन्हा लिहिण्यासाठी प्रवाह सोडावा लागे.

संकलित मंडलांत हा गुण राहिला नाही. गतिक स्मृतीत प्रत्येक अंक सूक्ष्म धारित्रावरील विद्युत् भाराच्या रूपाने साठतो. भार झिरपत असल्याने सर्व ओळींचे सामान्यतः ६४ मिलिसेकंदांत एकदा नूतनीकरण करावे लागते. तापमान ८५° से.च्या वर गेल्यास गळती वाढते व ही मुदत निम्मी करावी लागते. उष्णतेमुळे व्यय व व्ययामुळे उष्णता असे हे चक्र आहे.

मंडलाची अवस्था बदलताना होणारा व्यय धारणा, दाबाचा वर्ग व कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. साहजिकच दाब घटविणे हा सर्वांत प्रभावी उपाय ठरतो. डीडीआर स्मृतीच्या २००० मधील मानकात दाब २.५ व्होल्ट होता. २०२० मधील डीडीआर-५ मध्ये तो १.१ व्होल्ट झाला. इतर गोष्टी समान असत्या, तर व्यय सुमारे एकपंचमांश झाला असता. प्रत्यक्षात मधल्या काळात वेग अनेक पटींनी वाढला व बचतीचा मोठा भाग त्यातच गेला.

शिवाय दाब उतरविला की ट्रँझिस्टर मंदावतो. वेग राखण्यासाठी त्याचा उंबरठा दाब खाली आणल्यास तो बंद असतानाही प्रवाह झिरपू देतो. सहा ट्रँझिस्टरांच्या स्थितिक स्मृतिघटात तर, ट्रँझिस्टरांतील सूक्ष्म विषमतेमुळे, अल्प दाबाला वाचतानाच अंक उलटण्याचा धोका असतो. दाबाची खालची मर्यादा बहुधा याच दोषाने ठरते.

म्हणून स्मृतीचे लहान विभाग पाडून हवा तेवढाच विभाग जागृत करतात. तसेच स्तंभवाहिनीचा दाब पूर्ण न उतरविता काही दशांश व्होल्टचा फरक पडताच संवेदक विवर्धकाने अंक ओळखतात. यात शक्ती व वेळ दोन्ही वाचतात, हे विशेष. विवर्धक वेळेआधी चालू झाल्यास मात्र चुकीचा अंक वाचला जातो. यासाठी शेजारी एक नमुना स्तंभ ठेवून त्याच्यावरून तो क्षण ठरविला जातो.