एक्केचाळिसाला सहा

भरलेला ट्रक चाकांवर उभा, जॅक लावलेला नाही, आणि मिस्त्री मागच्या हबवरचे नट सोडून मीटरभर लांबीचा एक्सल शाफ्ट सरळ बाहेर ओढून काढतो. गाडी तसूभर हलत नाही. पुण्याजवळ निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत हे पहिल्यांदा बघणारा माणूस दोन पावलं मागं सरकतो. मीही सरकलो होतो. पण गाडीचं वजन शाफ्टवर नसतंच. ते शाफ्टभोवतीच्या हौसिंगच्या टोकावर आणि हबमधल्या दोन बेअरिंगांवर पेललेलं असतं. शाफ्टनं फक्त चाक फिरवायचं. याला ‘फुल फ्लोटिंग’ एक्सल म्हणतात. घाटात शाफ्ट तुटला तर माल न उतरवता जागेवर नवा घालता येतो, आणि बंद गाडी ओढून न्यायची असली की आधी शाफ्ट काढून ठेवतात, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा फिरत नाही.

ती बेअरिंगं हातात घेऊन बघावीत. रोलर एका टोकाकडे निमुळते होत गेलेले. वळणावर गाडीचा भार नुसता खाली दाबत नाही, बाजूलाही ढकलतो, आणि तिरका बसलेला निमुळता रोलर दोन्ही झेलतो. जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवणारा हेन्री टिमकेन याला 1898 मध्ये या बेअरिंगचं पेटंट मिळालं. आजच्या ट्रकचं चाक ज्यावर फिरतं ती वस्तू घोडागाडीवाल्याची देणगी आहे. 1909 मध्ये टिमकेन-डेट्रॉइट एक्सल ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि अमेरिकेतल्या कितीतरी ट्रकांखाली तिचे एक्सल गेले.

त्या काळातले बहुतेक जड ट्रक मात्र साखळीवर चालत. गिअरबॉक्सकडून आलेला आडवा शाफ्ट, त्याच्या दोन टोकांना दातेरी चक्रं, आणि तिथून मागच्या दोन चाकांना दोन उघड्या साखळ्या. त्यात धूळ जाणार, खडी अडकणार. तरी मॅक कंपनीचा 1916 सालचा ‘एसी’ ट्रक, ज्याला सैनिकांनी बुलडॉग म्हटलं, तो साखळीवरच होता आणि 1930च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनत राहिला. याला मागासलेपण म्हणणं मला पटत नाही. इंजिनाचा वेग चाकापर्यंत पोचेतो कित्येक पटींनी उतरवावा लागतो, तेव्हाच भार ओढण्याची ताकद मिळते. ती सगळी उतरण एक्सलच्या पोटात करायची तर त्या जोराला टिकतील असे दात हवेत, आणि ते कापणं अजून साधलेलं नव्हतं. काहींनी वर्म गिअर वापरला. आवाज कमी झाला, पण घर्षणानं तो तापायचा.

दात कापण्याचं गाव म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर. आयर्लंडहून आलेल्या विल्यम ग्लिसननं 1874 मध्ये फिरणं काटकोनात वळवणारे बेव्हल गिअर कापायचं यंत्र केलं. त्याची मुलगी केट 1890च्या दशकात ही यंत्रं विकायला एकटी युरोप फिरली. पुढं अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची ती पहिली पूर्ण सभासद स्त्री झाली. याच कारखान्यानं 1913 मध्ये वळणदार दात कापणारं यंत्र आणलं. सरळ दात एकदम आदळतो, वळणदार दात हळूहळू अंगावर येतो, म्हणून आवाज कमी आणि भार जास्त दातांवर वाटला जातो. मग हायपॉइड आला: पिनियनचा, म्हणजे फिरवणाऱ्या लहान गिअरचा, अक्ष क्राउनच्या, म्हणजे मोठ्या रिंगच्या, मध्यापासून बाजूला सरकवलेला. 1926 मध्ये पॅकार्डनं तो मोटारीत घातला, ट्रकांनी नंतर. यात दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तेल वेगळं लागतं. ड्रेन प्लग काढला की ‘नव्वद नंबर’ तेलाचा जो गंधकी उग्र वास गॅरेजभर पसरतो, तो त्यापायीच. साधं इंजिन ऑइल घातलं तर दात टिकत नाहीत.

परवा समोर उघडलेल्या हौसिंगमधल्या टेल पिनियनचे दात मोजले: सहा. क्राउनचे एक्केचाळीस. पिनियनचे जवळजवळ सात फेरे, तेव्हा चाकाचा एक. बेचाळीस का नाहीत? तसं असतं तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर क्राउनच्या त्याच सात दातांना भेटला असता आणि एका दाताची खोड तिथंच कोरली गेली असती. एक्केचाळीस आणि सहा यांना एकाशिवाय सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो. झीज सगळीकडे सारखी.

कारखान्यात कापून झालेले दात कार्बन देऊन तापवतात आणि तेलात बुडवतात. वरची कातडी कडक, आतला गर चिवट. पण तापलेली मोठी रिंग थंड होताना वाकडी होते, म्हणून ती प्रेसमध्ये दाबून धरून थंड करतात. तरी थोडा फरक राहतोच. तो घालवायला क्राउन आणि पिनियन जोडीनं फिरवून, मधे घासणारी लेई सोडून, एकमेकांवर घासून बसवतात. या लॅपिंगनंतर दोघांवर एकच नंबर कोरला जातो. आता कडक झालेले दातच ग्राइंड करणारी यंत्रं आहेत, पण लॅप केलेली जोडी मोडता येत नाही.

मिस्त्रीनं चार दातांना रंग फासला, चाकाला उलट जोर देत क्राउन फिरवला आणि मला बोलावलं.

“पट्टा बघा साहेब. कडेला गेलाय ना? जरा आत घ्यायला पाहिजे.”

पातळ शिम बदलून पिनियन केसभर हलवला, डायल लावून दातांमधली फट पाहिली, पुन्हा रंग. तीन-चारदा असं झाल्यावर दात टेकल्याच्या खुणेचा पट्टा दाताच्या मध्याकडे आला. हा सगळा खटाटोप मिलिमीटरच्या अपूर्णांकांचा. निकाल मात्र डोळ्यांचा.

कंपन्यांची नावं या जोडीपेक्षा लवकर बदलली. 1953 मध्ये टिमकेन-डेट्रॉइट दुसऱ्या कंपनीत मिसळून रॉकवेल झाली, 1997 मध्ये तो धंदा मेरिटर झाला, 2022 मध्ये कमिन्सनं मेरिटर घेतली. पुण्याची गाठ यात पक्की आहे. नीळकंठराव कल्याणींनी 1961 मध्ये भारत फोर्ज स्थापन केली. मुंढव्याच्या त्या कारखान्यात क्रँकशाफ्टबरोबर ट्रकच्या पुढच्या एक्सलचे बीम घडतात. त्याच कल्याणी समूहानं रॉकवेलशी भागीदारी करून 1981 मध्ये म्हैसूरला ऑटोमोटिव्ह एक्सल्स उभी केली. टाटांची टेल्को तर 1954 पासून डेमलर-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवतच होती. विजेच्या ट्रकांत मोटर एक्सलमध्येच येऊ लागली आहे. दात तिथंही लागतातच.

तेव्हा गाडी तुमची असेल तर एवढं करा: पिनियन तुटला म्हणून एकटा पिनियन आणू नका, कितीही स्वस्त पडला तरी. जोडी घ्या, आणि बसवण्याआधी दोन्ही नगांवरचा नंबर स्वतः वाचून ताडून घ्या.